अपडेट पॅकेज की फुल पॅकेज? वेबसाइट अपग्रेड करताना या चुका टाळा

अपग्रेड झालं, मुख्य पान उघडलं, सगळं जागेवर दिसलं. दोन दिवसांनी कुणीतरी कळवतं की संपर्काचा फॉर्म जात नाही. लॉग, म्हणजे सर्व्हरची त्रुटींची नोंद, उघडावा तर ‘कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन’: कोडने मागितलेला भाग सापडतच नाही. अशा वेळी पहिला संशय प्लगइनवर जातो, मग होस्टिंगवर. मी मात्र आधी एवढंच विचारतो: कुठलं पॅकेज टाकलंत, आणि ते कशावर टाकलंत?

फुल पॅकेजमध्ये त्या आवृत्तीची प्रत्येक फाइल असते. अपडेट किंवा पॅच पॅकेजमध्ये बहुतेक वेळा दोन आवृत्त्यांमधला फरक तेवढा असतो. वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची ‘पार्शल’ झिप, पीएचपीबीबी या फोरम सॉफ्टवेअरचं ‘चेंज्ड फाइल्स’ पॅकेज आणि मीडियाविकी या विकी सॉफ्टवेअरची पॅच फाइल ही सगळी याच जातीची. ही पॅकेजेस आकाराने लहान असतात आणि लवकर चढतात, म्हणून हात आपसूक तिकडे जातो. पण फरक हा कशाच्या तरी तुलनेत असतो. तुमच्या सर्व्हरवरच्या फाइली अमुक आवृत्तीच्या आहेत, सगळ्या आहेत आणि कुणी त्यांना हात लावलेला नाही, असं ते पॅकेज धरून चालतं. आपल्याकडच्या बहुतेक भानगडी हे गृहीत धरणं खोटं ठरल्यामुळे होतात.

चूक: मधली आवृत्ती गाळून पॅच लावणं

समजा साइट ४.२.३ वर आहे आणि तुम्ही ४.२.५ वरून ४.२.६ वर नेणारं पॅकेज टाकलं. ४.२.४ आणि ४.२.५ मध्ये बदललेल्या ज्या फाइली ४.२.६ मध्ये पुन्हा बदलल्या नाहीत, त्या या पॅकेजमध्ये नाहीतच. त्या जुन्याच राहिल्या. साइट लगेच बंद पडली तर नशीब म्हणायचं, कारण निदान कळतं तरी. खरा धोका साइट चालू राहिली तर आहे. आवृत्तीचा आकडा एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेला असतो आणि ती फाइल प्रत्येक पॅकेजमध्ये असते. त्यामुळे अ‍ॅडमिनमध्ये ४.२.६ दिसतं, ‘नवीन अपडेट नाही’ असाही निरोप येतो, आणि ४.२.४ मधली सुरक्षेची दुरुस्ती तुमच्या सर्व्हरवर कधी पोचलेलीच नसते. महिनोन्महिने.

काही पॅकेजेस एकत्रित असतात, म्हणजे मागच्या अनेक आवृत्त्यांवरून थेट चालतात. काही फक्त लगतच्या आवृत्तीवरून. फाइलचं नाव आणि सोबतची सूचना वाचल्याशिवाय हे कळत नाही. मीडियाविकीची पॅच लगतच्या छोट्या आवृत्तीवरून पुढे नेते, उडी मारू देत नाही. नेक्स्टक्लाउड या फाइली साठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तर मोठी आवृत्ती गाळता येतच नाही, मग पॅकेज फुल असो वा कुठलंही.

वर्डप्रेसचा स्वतःचा अपडेटर इथे काय करतो ते पाहण्यासारखं आहे. सुरुवातीची आवृत्ती तंतोतंत जुळली आणि मूळ फाइलींचे चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) बरोबर आले, तरच तो पार्शल झिप घेतो. एकही फाइल वेगळी निघाली की पार्शल बाजूला ठेवून मोठं पॅकेज उतरवतो. हाताने अपडेट करताना ही तपासणी आपणच करायची असते, आणि नेमकी तीच राहून जाते.

शंका आली तर आकड्यावर विसंबू नका, फाइली तपासा. वर्डप्रेससाठी डब्ल्यूपी-सीएलआय या कमांड लाइनच्या साधनामध्ये ‘कोअर व्हेरिफाय-चेकसम्स’ ही आज्ञा आहे. कुठली फाइल बदललेली, कुठली गायब आणि कुठली आगंतुक आहे ते ती नावासकट सांगते. बाकी सॉफ्टवेअरसाठी त्याच आवृत्तीचं फुल पॅकेज वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडा आणि ‘डिफ’ या फरक दाखवणाऱ्या आज्ञेने किंवा विनमर्जसारख्या साधनाने सर्व्हरवरच्या प्रतीशी ताडून पाहा. दहा मिनिटांचं काम आहे.

चूक: फुल पॅकेज नुसतं वरून ओतणं

वरचं वाचून कुणी म्हणेल, मग नेहमी फुलच टाकू. टाका, पण ओव्हरराइट करणं म्हणजे बदलणं नव्हे. एफटीपीने, म्हणजे सर्व्हरवर फाइली पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीने, नवीन फाइली चढतात, जुन्या आपणहून जात नाहीत. आधीच्या आवृत्तीत असलेली आणि नव्यात काढून टाकलेली फाइल तशीच पडून राहते.

याने काय बिघडतं ते २०१५ साली दिसलं. जेनेरिकॉन्स या आयकॉन फाँटच्या संचात नमुन्यासाठी दिलेली एक एचटीएमएल फाइल होती आणि तिच्यात क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगची (पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये परका कोड चालवू देणारी) त्रुटी निघाली. वर्डप्रेससोबत येणाऱ्या ट्वेन्टी फिफ्टीन या थीममध्येही ती होती. त्यावरचा उपाय म्हणजे ती फाइल काढून टाकणं, बस्स. आता विचार करा: जुन्या थीमवर नवी थीम नुसती ओतली, तर नव्या थीममध्ये ती फाइल नाही आणि सर्व्हरवर ती आहेच. म्हणूनच त्या मे महिन्यात आलेल्या वर्डप्रेस ४.२.२ ने थीम, प्लगइन आणि अपलोड ठेवण्याचं डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डर धुंडाळून ती फाइल स्वतःच पुसली.

त्यामुळे वर्डप्रेस हाताने अपडेट करताना डब्ल्यूपी-अ‍ॅडमिन आणि डब्ल्यूपी-इन्क्लुड्स ही दोन्ही फोल्डरं आधी काढून मग नवी ठेवायची. डब्ल्यूपी-कंटेंट आणि साइटची सेटिंग्ज असलेल्या कॉन्फिग फाइलला हात लावायचा नाही. मीडियाविकी आणि मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या सॉफ्टवेअरसाठी मला नव्या रिकाम्या फोल्डरची पद्धतच बरी वाटते: नवी प्रत तिथे उलगडा, कॉन्फिग फाइल, अपलोड केलेली चित्रं आणि एक्स्टेन्शन्स जुन्यातून आणा, मग फोल्डरांची अदलाबदल करा. काही फसलं तर जुनं फोल्डर शाबूत असतं.

चूक: नव्या साइटचं पॅकेज चालू साइटवर टाकणं

जूमला या साइट चालवणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या फुल पॅकेजमध्ये ‘इन्स्टॉलेशन’ नावाचं फोल्डर असतं, कारण ते नवी साइट उभी करण्यासाठी आहे. ते चालू साइटवर टाकलं की पाहुण्यांना मुख्य पानाऐवजी इन्स्टॉलरचा पडदा दिसतो. ते फोल्डर ताबडतोब हटवा. जूमलासाठी वेगळं अपडेट पॅकेज मिळतं, ज्यात हे फोल्डर नसतं, तेच वापरा. पीएचपीबीबीमध्येही काम झाल्यावर इन्स्टॉल फोल्डर काढावं लागतं, नाहीतर फोरम बंदच राहतो.

मॅक वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पॅच पॅकेजमधलं फोल्डर फाइंडरमध्ये जुन्या फोल्डरवर टाकून ‘रिप्लेस’ दाबलं, तर फायली एकमेकांत मिसळत नाहीत. जुनं फोल्डर आख्खं जातं आणि पॅचमधल्या चार फाइली उरतात. ते तसंच सर्व्हरवर नेलं की संपलं.

चूक: बदललेल्या कोअरवर पॅच

आधीच्या कुणी कोअर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मूळ, फाइलमध्ये दोन ओळी घुसवल्या असतील, तर तिथे पॅच अडकते आणि न लागलेल्या बदलांची ‘.रेज’ (.rej) शेपटाची फाइल शेजारी सोडते. पॅच लावणारी आज्ञा पुढे जात राहते, त्यामुळे हे नजरेतून सुटतं. आधी ‘ड्राय-रन’ पर्याय देऊन, म्हणजे फाइली न बदलता नुसती चाचणी म्हणून, चालवा. एकही हंक (बदलाचा तुकडा) फेल दाखवला तर थांबा आणि फुल पॅकेजकडे वळा. बदललेल्या फाइलींचं पॅकेज असेल, तर उलटं होतं: तुमच्या त्या दोन ओळी एका शब्दानेही न सांगता पुसल्या जातात.

चूक: अर्धवट चढलेलं अपलोड

हजारो लहान फाइली एफटीपीने चढवताना मध्येच कनेक्शन तुटतं आणि नेमकी कुठली फाइल राहिली ते कळत नाही. शक्य असेल तिथे एकच झिप चढवा आणि सर्व्हरवर उलगडा. आवृत्तीचा आकडा असलेली फाइल सगळ्यात शेवटी ठेवा. वर्डप्रेसचा अपडेटरही बाकी सगळं कॉपी झाल्यावरच ती ठेवतो. मग मध्ये काही तुटलं, तरी साइट स्वतःला नवी म्हणवत नाही.

वर्डप्रेस ‘मेंटेनन्स’च्या निरोपावर अडकलं, तर रूट फोल्डरमधली ‘.मेंटेनन्स’ ही लपलेली फाइल पुसा. दहा मिनिटांनंतर ती तशीही निकामी होते, पण अपडेट अर्धवट राहिलंय हे त्यावरून समजा आणि पुन्हा करा. सगळं बरोबर चढवूनही जुनंच वागणं दिसत असेल, तर ओपकॅश (OPcache), म्हणजे पीएचपी भाषेतला कोड तयार रूपात साठवून ठेवणारी सर्व्हरची सोय, पाहा. त्यात फाइलींची वेळ तपासणं बंद ठेवलेलं असेल, तर पीएचपी रीलोड होईपर्यंत जुनाच कोड चालतो.

फाइलींनंतर डेटाबेसचं पाऊल विसरू नका: वर्डप्रेसमध्ये अ‍ॅडमिन उघडल्यावर येणारं डेटाबेस अपडेट, मीडियाविकीत अपडेट स्क्रिप्ट, जूमलात डेटाबेसची रचना तपासणारं पान. आणि बॅकअप फाइली व डेटाबेस दोन्हींचा, एकाच वेळचा घ्या. नव्या डेटाबेसवर जुन्या फाइली ठेवून मागे जाता येत नाही.

मग पॅच कधीच नको?

तसं नाही. घाई खरी असते तेव्हा पॅचसारखं दुसरं काही नाही. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रूपल या साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची ७.३२ ही आवृत्ती आली, एसक्यूएल इंजेक्शनची (परक्याला डेटाबेसमध्ये हवी ती आज्ञा घुसवू देणारी) गंभीर त्रुटी बुजवायला. ज्यांना पूर्ण अपग्रेड लगेच जमणार नव्हतं, त्यांच्यासाठी एकाच फाइलमधला छोटासा बदल पॅच म्हणून उपलब्ध होता, आणि तो तत्काळ लावणं हेच शहाणपणाचं होतं. पूर्ण अपग्रेड नंतर निवांत करता आलं असतं. पण ड्रूपलच्या सुरक्षा पथकाने पुढे बजावलं की घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती लावली नाही, त्यांनी आपली साइट फोडली गेली आहे असंच धरून चालावं. अशा साइटवर उशिरा लावलेली पॅच त्रुटी बुजवते. आत सोडून गेलेली फाइल किंवा गुपचूप बनवलेलं अ‍ॅडमिन खातं ती शोधत नाही. तिथे १५ ऑक्टोबरच्या आधीचा बॅकअप परत आणून त्यावर दुरुस्ती लावणं, हाच मार्ग त्यांनी सांगितला होता.