रेझिन प्रिंट झटपट आणि गुळगुळीत हवा असेल, तर या चुका टाळा

द्रव रेझिन प्रकाशाने थराथराने घट्ट करून वस्तू बनवणारा, मोनोक्रोम (एकरंगी) एलसीडी पडद्याचा थ्रीडी प्रिंटर हाती आला की सगळे आधी एक्स्पोजरच्या, म्हणजे प्रत्येक थराला किती वेळ प्रकाश द्यायचा याच्या, मागे लागतात. ते साहजिक आहे. जुन्या रंगीत पडद्यातून रेझिन घट्ट करणारा ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश जेमतेमच पार व्हायचा. आता थर दोन-तीन सेकंदांत घट्ट होतो. पण उरलेला वेळ कुठे जातो ते एकदा मशीनजवळ उभं राहून बघा. थर टाकीच्या तळाच्या पारदर्शक फिल्मवरून सुटतो, वस्तू (पार्ट) जिला चिकटून लटकते ती प्लेट वर जाते, खाली येते, रेझिन पुन्हा पसरतं. वेळ खातं ते हे.

तो वाचवायला लिफ्टचा, म्हणजे प्लेट वर उचलण्याचा, वेग एकदम वाढवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. थर सुटताना जोरात ‘फट्’ आवाज येत असेल, तर ताण जास्त आहे. मग पार्टला धरून ठेवणारे सपोर्ट तुटतात आणि अर्धा पार्ट टाकीच्या तळाशी चिकटून बसतो. सुरुवातीचे काही मिलिमीटर हळू आणि पुढे वेगात, अशी दोन टप्प्यांची लिफ्ट ठेवा. फिल्म सैल किंवा पांढुरकी झाली असेल तर सेटिंगशी खेळत बसू नका, ती बदला.

ही सोलण्याची अडचणच २०१५मध्ये समोर आलेल्या ‘क्लिप’ तंत्राने बाजूला सारली. त्यात तळाची खिडकी ऑक्सिजन झिरपू देते, त्यामुळे तिथला रेझिनचा पातळ थर द्रवच राहतो आणि पार्ट सलग वर ओढता येतो. मला ही कल्पना आजही विलक्षण वाटते. तरीही खिडकी आणि पार्ट यांच्यामधल्या त्या फटीत रेझिन वाहत यावंच लागतं, म्हणून जाळीदार पार्ट भराभर होतो आणि भरीव ठोकळा रखडतो. साध्या मशीनवरही तेच. जाड पार्ट आतून पोकळ करा, पण प्लेटच्या बाजूला भोकं ठेवायला विसरू नका. नाहीतर तो उलट्या वाटीसारखा फिल्मला ओढून धरतो.

पृष्ठभागावर रेघा दिसल्या की लोक थर ०.०५चा ०.०२५ मिलिमीटर करतात. थरांची संख्या दुप्पट, वेळही जवळपास दुप्पट, आणि रेघा बऱ्याचदा तशाच. त्याआधी प्लेट खाली आल्यावर प्रकाश लागण्यापूर्वी एखादा सेकंद थांबा द्या, म्हणजे रेझिन स्थिरावेल. थंडीत रेझिन दाट होतं, तेव्हा खोली २५ अंशांच्या आसपास असू द्या. कडा फुगल्या, बारीक भोकं बुजली, तर एक्स्पोजर जास्त झालंय.

शेवटी धुणं. अल्कोहोलमधून काढलेला पार्ट वाळल्यावर उजेडात तिरका धरा. खाचेत चमक दिसली तर तिथे कच्चं रेझिन आहे. पुन्हा धुवा, पण तासन्‌तास भिजवू नका, पातळ भिंती तडकतात. आणि पक्का करायला ओला पार्टच यूव्ही (अतिनील) प्रकाशाखाली ठेवलात, तर पांढरे डाग कायमचे बसतात.