बिग-एंडियनवर ड्रायव्हर चालवण्याआधीची तयारी

हिंजवडी असो, बाणेर असो की मगरपट्टा, लिनक्सच्या कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) काम करणाऱ्याच्या टेबलावरचं मशीन आज जवळजवळ नक्कीच लिटल-एंडियन असतं, म्हणजे आकड्याचा खालचा बाइट मेमरीत आधी ठेवणारं. वरचा बाइट आधी ठेवणारं ते बिग-एंडियन. हेक्समधला १२३४५६७८ हा ३२ बिटांचा आकडा त्याच्या मेमरीत ७८ ५६ ३४ १२ असा बसतो. यूएसबी आणि पीसीआय (मशीनमधली कार्डं जोडणारी बस) हेसुद्धा लिटलच, त्यामुळे बाइट ऑर्डर बदलायला विसरलात तरी लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालतं. बोंब होते ती पॅच (कोडमधला बदल) आयबीएमच्या एस३९०एक्स मेनफ्रेमवर किंवा बिग-एंडियन पॉवरपीसी प्रोसेसरवर पोचल्यावर. म्हणून कोडला हात लावण्याआधी ही चूक घरच्या घरी दिसेल अशी सोय करून ठेवायची.

पहिलं काम कागदाचं. स्पेसिफिकेशन उघडा आणि बाहेरून येणाऱ्या किंवा बाहेर जाणाऱ्या प्रत्येक स्ट्रक्चरसमोर लिहा: हे बाइट कोण लिहितं, कोणत्या क्रमाने. ढोबळ हिशेब असा की पीसीआय, यूएसबी, एनव्हीएमई (एसएसडीशी बोलण्याची पद्धत) लिटल. नेटवर्कचे हेडर, एससीएसआयच्या (डिस्कशी बोलण्याच्या जुन्या पद्धतीच्या) कमांड आणि डिव्हाइस ट्रीचा ब्लॉब (कर्नलला हार्डवेअरचं वर्णन देणारी बायनरी फाइल) बिग. पण या ढोबळ हिशेबावर विसंबू नका, फील्डगणिक बघा. साध्या पेन ड्राइव्हला जाणारं ३१ बाइटांचं पाकीट लिटल असतं आणि त्याच्या पोटातल्या एससीएसआय कमांडमधला ब्लॉक नंबर बिग. एक्स्ट४ या फाइल सिस्टिममध्येही तेच: सुपरब्लॉक आणि आयनोड लिटल, पण त्याच पार्टिशनवरचं जेबीडी२चं जर्नल (बदलांची नोंदवही) बिग. तिसरा प्रकार सगळ्यात त्रासाचा, ज्यात क्रम ठरलेलाच नसतो. व्हर्चुअल मशीनला डिव्हाइस पुरवणारं जुनं व्हर्टआयओ पाहुण्या (आत चालणाऱ्या) मशीनच्या क्रमाने बोलायचं, १.० पासून ते लिटल झालं. असा प्रकार यादीत निघाला तर त्याला वेगळी खूण करा, कारण तिथे कंपाइलच्या वेळी नाही तर चालताना निर्णय घ्यावा लागतो.

यादी झाली की सीमा आखा. बाहेरच्या जगाला भिडणाऱ्या स्ट्रक्चरमधली प्रत्येक फील्ड एलई१६, एलई३२, बीई३२ अशा प्रकारांनी (एलई म्हणजे लिटल, बीई म्हणजे बिग) घोषित करायची, क्रम न सांगणारा नुसता यू३२ तिथे नको. आत आल्यावर एकदाच बदल करायचा आणि पुढे सगळा कारभार सीपीयूच्या क्रमाने. एकाच व्हेरिएबलमध्ये आधी बिग आणि मग, त्याच नावाने, सीपीयूचा क्रम ठेवणाऱ्यांचं कोड मी रिव्ह्यूला घेत नाही. सीमेवर पुणेरी पाटीसारखी एक ओळ कॉमेंटमध्ये लिहून टाका: येथून पुढे सीपीयूचा क्रम, कृपया पुन्हा उलटवू नये. तुलना करताना मात्र व्हेरिएबलपेक्षा स्थिरांक उलटवावा. ते काम कंपाइलरच उरकतो, चालताना खर्च शून्य. अर्थात हे बरोबरीच्या तुलनेपुरतं. लहान-मोठं ठरवायचं असेल तर आधी सीपीयूच्या क्रमात आणण्याला पर्याय नाही.

मग स्पार्स. लिनस टॉरवॉल्ड्सने सुरू केलेलं हे कोड तपासणीचं हत्यार मेक या बिल्डच्या कमांडला सी=१ किंवा सी=२ दिलं की चालतं. सी=१ फक्त नव्याने कंपाइल होणाऱ्या फाइल बघतं, सी=२ सगळ्या. काही बदलण्याआधी तुमच्या डिरेक्टरीवर सी=२ चालवा आणि निघालेल्या तक्रारी एका फाइलमध्ये जपून ठेवा, म्हणजे नंतर आपल्या नव्या कोणत्या आणि वडिलोपार्जित कोणत्या ते कळेल. एक गोष्ट पक्की ध्यानात असू द्या: स्पार्स गप्प बसलं म्हणजे कोड बरोबर आहे असं नाही. फील्ड यू३२च असतील तर त्याला तक्रार करायला काही सापडतच नाही. जुन्या ड्रायव्हरमध्ये आधी प्रकार बदला, तक्रारींचा पाऊस पडू द्या, मग एकेक निस्तरा. कास्टमध्ये फोर्स लिहून स्पार्सचं तोंड बंद करणं हा शेवटचा उपाय, आणि तो केला तर शेजारी कारण लिहा.

आता मशीन. पुण्याला दोन्ही क्रम नवे नाहीत. सी-डॅकचा १९९१चा परम ८००० हा महासंगणक इनमॉसच्या ट्रान्सप्यूटर चिपवर बांधलेला, म्हणजे लिटल, आणि १९९८चा परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्कवर, म्हणजे बिग. तुम्हाला मात्र दुसऱ्या प्रोसेसरच्या मशीनचं अनुकरण करणारं क्यूएमू पुरेल. फाइल सिस्टिमचं काम असेल तर एस३९०एक्स घ्या, डेबियन लिनक्स त्यावर अधिकृतपणे मिळतं आणि क्रॉस कंपाइलरही (एका मशीनवर दुसऱ्यासाठी बिल्ड करणारा) तयार पॅकेजमध्ये. पीसीआय ड्रायव्हरसाठी पॉवरपीसी ६४ची पीसिरीज मशीन सोयीची, फक्त कर्नलच्या कॉन्फिगमध्ये बिग-एंडियन निवडलंय ना ते स्वतः उघडून बघा. पॉवर दोन्ही क्रमांत चालतं आणि चुकून लिटल बिल्ड करून ‘सगळं पास’ म्हणणारे भेटतात. खरं हार्डवेअर हवंच असेल तर जुन्या बाजारात अथेरॉसच्या एमआयपीएस चिपचा जुना राउटर शोधा, तो बिग चालतो. रालिंकचा नको, तो लिटल. सिरियल केबल तपकीर गल्लीत मिळेल. अनुकरण करणारं मशीन धिमं असतं, तेव्हा मोठा बिल्ड बुधवारी रात्रीच लावून टाका. गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली तर अर्धवट बिल्ड पदरात.

खरा घोळ मात्र बाइट उलटवण्याच्या फंक्शनांजवळ नसतोच. तो पॉइंटर कास्टमध्ये (एका प्रकारचा पत्ता दुसऱ्या प्रकारचा म्हणून वापरण्यात) असतो आणि तिथे स्पार्स सहसा मुकाट राहतं. यू३२चा पत्ता यू८ पॉइंटर म्हणून वाचला की लिटल मशीनवर खालचा बाइट मिळतो, लहान आकड्यांना तो बरोबरच ठरतो. बिग मशीनवर तिथे वरचा बाइट असतो, बहुतेक वेळा शून्य. याहून वाईट म्हणजे यू३२चा पत्ता अनसाइन्ड लाँगचा म्हणून बिट शोधणाऱ्या फंक्शनला देणं. ६४ बिटांच्या बिग मशीनवर तुमचे ३२ बिट वरच्या अर्ध्यात जातात आणि खालचा अर्धा भाग शेजारच्या मेमरीतून येतो. तेव्हा मजकूर शोधणाऱ्या ग्रेपने अशा कास्टची यादी काढा आणि एकेक डोळ्याखालून घाला. या कामाला शॉर्टकट नाही. बिटफील्ड (मोजक्या बिटांच्या फील्ड) दिसल्या तर मास्क आणि शिफ्टवर या.

डिव्हाइसचं रजिस्टर वाचतानाही एक दुहेरी फसगत होते. रीडएल हे फंक्शन डिव्हाइसला लिटल धरून स्वतःच बाइट उलटवतं. त्याच्या उत्तरावर पुन्हा एलई३२-टू-सीपीयू लावलं की लिटलवर काहीच होत नाही, बिगवर दोनदा उलटून मूळ पदावर येतं. रॉ रीडएल उलटवत नाही, पण मेमरी बॅरियरही (वाचणं-लिहिणं ठरल्या क्रमाने होण्याची हमी) देत नाही, म्हणून तो तोडगा समजू नका.

चाचणीचा डेटा आधीच बनवून ठेवा. शून्य किंवा सगळे एफएफ असे आकडे उलटसुलट सारखेच, त्यांनी काही सिद्ध होत नाही. ०१ ०२ ०३ ०४ असे चारही बाइट वेगळे असलेले घ्या. लॉगमध्ये १,६७,७७,२१६ दिसलं तर ते १ उलटं झालेलं आहे आणि पोर्ट २०४८० दिसला तर तो ८०. हे दोन आकडे भिंतीवर चिकटवले तरी चालतील. बाइट बघताना हेक्सडंप या कमांडला मोठा सी (-C) द्या. तो न देता ते दोन-दोन बाइटांचे शब्द तुमच्या मशीनच्या क्रमाने दाखवतं, आणि बरोबर असलेली फाइल चुकीची वाटून तास वाया जातो.

शेवटी पॅचची मांडणी. प्रकार बदलणारा पॅच वेगळा, प्रत्यक्ष वर्तन सुधारणारा वेगळा. दुसरा जुन्या स्थिर कर्नलमध्ये न्यावा लागतो, त्यात साफसफाई मिसळली तर मेंटेनर (कर्नलचा तो भाग सांभाळणारा) परत पाठवेल आणि त्याचं बरोबरच असेल. कशावर चालवून पाहिलं तेही संदेशात लिहा, क्यूएमू तर क्यूएमू.