टिंपनीचा पार्ट हातात आला की या चुका टाळा

डिसेंबर जवळ आला की फोन सुरू होतात. "सर, आमच्या कॉयरला हालेलुया करायचंय. टिंपनीला एक मुलगा मिळालाय, ड्रम्स मस्त वाजवतो. तुम्ही फक्त पार्ट पाठवा." हे ‘फक्त’ ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. टिंपनी म्हणजे ठरलेल्या सुरात लावायचे मोठे, कढईसारखे ड्रम, आणि हालेलुया म्हणजे हँडेलच्या ‘मेसाया’तला प्रसिद्ध कोरस. मुंबईतल्या हौशी कॉयर (गायकवृंद) आणि ऑर्केस्ट्रांचे पार्ट, म्हणजे एकेका वाद्यापुरती नोटेशनची पानं, मी बरीच वर्षं सांभाळतोय. छापायचे, चिकटवायचे, कार्यक्रम झाला की पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या. माणूस कमी पडला तर टिंपनीमागे उभाही राहतो. हात कच्चा म्हणून फसलेले वादक मी फार थोडे पाहिले. बाकी सगळे कागद न वाचल्यामुळे फसले.

जर्मन ‘बी’

हा माझा जुना राग, तेव्हा जरा सविस्तर. जर्मन छपाईत ‘बी’ लिहिलं असेल तर तो आपला बी फ्लॅट. आपल्या साध्या ‘बी’ला ते ‘एच’ लिहितात. ‘एस’ म्हणजे ई फ्लॅट, ‘आस’ म्हणजे ए फ्लॅट. आपल्याकडची मुलं ट्रिनिटीच्या नाहीतर रॉयल स्कूल्सच्या परीक्षा देऊन आलेली, इंग्रजी नावांत वाढलेली. त्यांना यात काही गडबड असेल अशी शंकासुद्धा येत नाही.

एका वर्षी आम्ही हायडनची थेरेसिएनमेसे, म्हणजे मिस्साची एक संगीतरचना, घेतली होती. १७९९ची, बी फ्लॅटमधली. टिंपनीच्या पार्टवर जर्मन पद्धतीने बी आणि एफ. वाजवणारा नवा मुलगा ड्रमसेटवरचा, हात विजेसारखे. पार्ट दोन आठवडे आधी दिला होता. "बघतो सर." रंगीत तालमीला पंधरा मिनिटं उशिरा आला, मोबाइलवर ट्यूनर अ‍ॅप उघडलं, ड्रमचा सूर बदलायचं पेडल दाबलं. बी, हिरवा दिवा. एफ, हिरवा दिवा. मला लांबूनच अंगठा दाखवला.

पहिला फोर्टे, म्हणजे जोराचा भाग, आला आणि कंडक्टरने हात खाली घेतले. नजर कॉयरच्या बेसेसवर, म्हणजे खालच्या आवाजाच्या पुरुषांवर. "जेंटलमेन, यू आर फ्लॅट." बिचारे बेस सूर धरून होते, पण खालून टिंपनी अर्ध्या सुराने वर गुरगुरत असेल तर माणसंच उतरल्यासारखी वाटतात. पुन्हा घेतलं, पुन्हा थांबलो. मग चेलोवाल्या बाई सावकाश मागे वळल्या आणि थेट ड्रमकडे बघत राहिल्या. पेटीच्या भाषेत सांगायचं तर काळी पाच हवी होती, गड्याने पांढरी सात लावली होती.

अ‍ॅपचा दोष नव्हता. बी मागितला, बी दिला. पण त्या काळच्या रचनांत दोनच ड्रम असतात आणि ते जवळजवळ नेहमी सा आणि प असतात. मोठा ड्रम सा असो की प, दोघांत अंतर चौथ्याचं नाहीतर पाचव्याचं. साधा बी आणि एफ लावलेत तर सा आणि तीव्र मध्यम होतो. एकदा एक आणि एकदा दुसरा असं बोटाने टिचकावलं असतं तरी कान ओरडला असता. अपवाद आहेत. ‘फिडेलिओ’ या ऑपेराच्या दुसऱ्या अंकात अंधारकोठडीच्या सुरुवातीला बेथोव्हनने मुद्दाम ए आणि ई फ्लॅट लावायला सांगितलंय, आठव्या आणि नवव्या सिंफनीत एकाच एफची वरची-खालची जोडी आहे. पण तो बेथोव्हन. तुमच्या पार्टवर तसं काही निघालं तर आधी स्वतःवर संशय घ्या.

मी काय करतो? अ‍ॅप खिशात ठेवतो, ऑर्गनकडून एक सूर घेतो, सा-प मनात गातो आणि मग पेडलला पाय लावतो. पार्टच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत लिहितो : काळी ५, पांढरी ४. एका पाहुण्या कंडक्टरने ते पाहून विचारलं होतं, हा काही गुप्त संकेत आहे का. म्हटलं, हो.

बाकीच्या, पटकन

‘मूटा’ म्हणजे म्यूट नव्हे. ‘मूटा इन डी’ म्हणजे सूर बदलून डी लावा. मी ड्रमवर रुमाल टाकून बसलेला माणूस पाहिलाय. रुमाल हवा असेल तिथे ‘कोपेर्तो’ लिहिलेलं असतं.

मोझार्टच्या काळच्या कित्येक पार्टमध्ये सी आणि जी छापलेले असतात आणि वर ‘इन डी’ म्हटलेलं असतं. वाजवायचे डी आणि ए. ट्रम्पेटसारखंच. मथळा वाचा हो, मथळा.

नोटेच्या काडीवर दोन रेघा म्हणजे मोजून सोळावे, पाव नोटेत चार ठोके. तीन रेघा म्हणजे बहुधा रोल (न मोजता सलग थरथर), पण संथ लयीत तेही मोजायचे असू शकतात. कंडक्टरला विचारा, लाज कसली.

व्हेर्दीच्या रेक्विएममधल्या ‘दिएस इरे’चे ते प्रसिद्ध उलटे (तालाच्या मधल्या जागी पडणारे) ठोके ग्रान कासाचे आहेत, म्हणजे बेस ड्रमचे. तुमचे नव्हेत. यूट्यूबवर ऐकून पाठ केलंत की हे असं होतं.

पेनने लिहू नका. कधीच.

फुकट मिळालेला पार्ट आणि विकत घेतलेला स्कोअर एकाच आवृत्तीचे आहेत असं धरून चालू नका. मेसाया घ्या. कॉयरच्या हातात नोव्हेलो प्रकाशनाची प्रत, तिथे हालेलुया ४४ नंबरचं. ऑर्केस्ट्राकडे बेरेनराइटर प्रकाशनाची, तिथे ते ३९. कंडक्टर "फॉर्टी-फोर" म्हणतो आणि अर्धा हॉल भलतंच पान उघडतो. मी दोन्ही नंबरांची एक चिठ्ठी करून प्रत्येक स्टँडवर चिकटवतो. कंटाळवाणं काम आहे, पण तालमीतली वीस मिनिटं वाचतात.

आणि जोर. ब्राम्सच्या जर्मन रेक्विएमची पहिली तीन प्रकरणं १ डिसेंबर १८६७ला व्हिएन्नात झाली. तिसऱ्याच्या शेवटी सगळा फ्यूग (एकामागून एक आवाज तीच चाल उचलतात तो प्रकार) एकाच डीवर उभा आहे. तिथे टिंपनीवाल्याने जोराची खूण चुकीची वाचली आणि तो शेवटपर्यंत ठोकत राहिला. कॉयर बुडालं, श्रोत्यांतून नापसंतीचे आवाज आले. समीक्षक हान्सलिकला बोगद्यातून धडधडत जाणाऱ्या आगगाडीत बसल्यासारखं वाटलं. व्हिएन्नातल्या माणसाचं हे झालं, तर आपण खूण दोनदा वाचायला काय हरकत आहे?

हालेलुया ‘येतं’ म्हणणारे

मेसायात टिंपनीला कामं दोनच, हालेलुया आणि अगदी शेवटचा कोरस. दोन्ही डीमध्ये, ड्रम डी आणि ए. हालेलुयापर्यंत तुम्ही तासाहून जास्त वेळ नुसते बसलेले असता, एसीची हवा थेट कातड्यावर. खऱ्या चामड्याचं असेल तर कोरड्या हवेत ते चढतंच, पण भाड्याच्या प्लास्टिकवाल्यांवरही माझा विश्वास नाही, टेम्पोतून आलेलं पेडल हळूच सरकतं. म्हणून हालेलुयाच्या आधीचं टेनरचं गाणं सुरू झालं की मी ड्रमवर कान टेकतो. ते ए मायनरमध्ये आहे. म्हणजे तुमचा ए समोरून फुकट मिळतोय. बोटाने हलकेच टिचकी, काडी नाही. मग लोक उभे राहतात, खुर्च्या वाजतात, त्या गोंगाटात डी पुन्हा एकदा तपासून घ्यायचा.

हे सगळं मी एका मुलाला समजावत होतो तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, हालेलुया येतं मला. लहानपणापासून चर्चमध्ये ऐकतोय."

ऐकून येणं आणि मोजून येणं यात शेवटच्या चार बारांचा फरक आहे. तिथे कॉयर हालेलुया-हालेलुया करत एकदम चढतं आणि थांबतं. सगळे थांबतात. पूर्ण शांतता, आणि मग संथ, रुंद असं शेवटचं हालेलुया. त्या शांततेच्या खाली टिंपनीच्या पार्टमध्ये स्वच्छ रेस्ट, म्हणजे विरामाची खूण, छापलेली आहे. पण मुलगा पार्टकडे बघतच नव्हता, रंगात आला होता.

धाड्! भरल्या हॉलमध्ये, एकटाच. डी मात्र अगदी सुरात होता, हे कबूल करायला हवं.

कंडक्टरची पाठ क्षणभर ताठ झाली, मग त्याने शेवटचं हालेलुया दिलं, जरा जास्तच संथ. पहिल्या रांगेतल्या आजी तेवढ्या खुश दिसल्या.

त्या रेस्टवर मी जाड पेन्सिलीने चष्मा काढलाय. वादकांत त्याचा अर्थ ‘इथे वर बघ’. पुढच्या वर्षी त्याच मुलाने पार्ट परत केला तेव्हा चष्म्याच्या काचांत दोन घाबरलेले डोळे काढलेले होते. बाकी खुणा मी खोडल्या, ते डोळे ठेवले.