शॉकअप कंपनीचेच, स्प्रिंगा मात्र गाडी खाली बसवणाऱ्या (लोअरिंग): जमतं का?

जमतं. पण गाडी २५-३० मिलिमीटरपर्यंतच खाली आणायची असेल, आणि शॉकअप ठणठणीत असतील तरच. पोरं पोलो घेऊन येतात, "दादा, दोन बोटं खाली बसली पाहिजे." मी आधी ओडोमीटर बघतो. ७०-८० हजार किलोमीटर झालेल्या शॉकअपवर लोअरिंग स्प्रिंगा चढवायला मी नाहीच म्हणतो. सीलपाशी तेल ओघळलेलं दिसलं तर बोलायलाच नको.

लोअरिंग स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा कडक असते, आणि स्प्रिंग जितकी कडक, तितकी दबल्यावर जोरात उसळते. ती उसळी शॉकअपने आवरायची, आणि त्याचे व्हॉल्व्ह तर मूळ स्प्रिंगच्या हिशोबाने बसवलेले. शिवाय गाडी जेवढी खाली आली, तेवढी शॉकअपची दबायची जागा गेली.

ती जागा आधी मोजून घ्या. पुढच्या शॉकअपचा रबरी बूट वर सरकवा, दांड्याला केबल टाय आवळा आणि खाली नळकांड्याला टेकवा. घरची माणसं बसवून रोजच्या रस्त्याने एक फेरी मारा. टाय वर सरकून जिथे थांबला, तिथपर्यंत शॉकअप दबला. तिथून बंप स्टॉपपर्यंत (शॉकअप पूर्ण दबला की ज्यावर टेकतो तो ठोकळा) २५ मिलिमीटरही उरत नसतील, तर नव्या स्प्रिंगांवर गाडी रोज बंप स्टॉपवर आदळणार. नियमातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असतो. गावाने हौसेने घातलेल्याचं माप कोण घेतो!

जुनी स्प्रिंग ग्राइंडरने कापून आणलीत तर मी हात लावणार नाही.

बसवताना स्प्रिंग बैठकीवर सैल होईपर्यंत स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग आवळून धरायचं हत्यार) दाबून घेतल्याशिवाय वरचा नट सोडायचा नाही. यात जीव जाऊ शकतो. स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा जोड) उघडलाच आहे तर वरचं माउंटिंग आणि बेअरिंगही बदला. स्प्रिंगचं टोक खाचेत बसलंय ना, बघा. जॅकवर चाक लोंबकळत असताना स्प्रिंग हाताने फिरत असेल, तर ती या शॉकअपला आखूड पडतेय, परत करा.

लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा दांडा) रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा. लोंबकळत आवळले की बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

दोन-तीनशे किलोमीटरमध्ये स्प्रिंगा अजून थोड्या बसतात. अलाइनमेंट त्यानंतर करा, नाहीतर टायर आतून झिजतील. हेडलाइटचा झोतही परत जुळवून घ्या. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलाला आडवं येतं. विम्याचा क्लेम अडला तर माझ्याकडे येऊ नका.