लिहिलेलं तपासून घेताना या चुका टाळा

राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि कोल्हापुरातल्या अभ्यासिकांमध्ये निबंधाच्या वह्या दिसू लागल्या. निबंधाचा पेपर २५० गुणांचा, त्यामुळे मुलं रोज पानंच्या पानं लिहितात. पण ती पानं जाणत्या माणसासमोर ठेवायची म्हटलं की टाळाटाळ होते. जे ठेवतात, त्यांचंही काही ठिकाणी चुकतं.

फक्त फोनवर भरवसा ठेवणं. फोन ‘परिक्षा’ची ‘परीक्षा’ करून देतो, तेवढं ठीक. पण ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन्ही शब्द बरोबरच, त्यामुळे ‘शिक्षक दीन’ सहज सुटून जातो. उलट कथेतल्या संवादात ‘काय करालाईस?’ लिहिलंत, की त्याखाली लाल रेघ येते. बोलीची जाण असलेले सर ते वाक्य तसंच ठेवायला सांगतील आणि निवेदनात नकळत शिरलेली बोली तेवढी दाखवून देतील.

‘कसं झालंय?’ एवढंच विचारणं. यावर ‘छान झालंय’ हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी विचारा: कुठं अडखळलात? कुठलं वाक्य परत वाचावं लागलं? समजा तुम्ही लिहिलंय, ‘महापुरामुळे शहरात मोठ्या प्रमाणावर नुकसान झाल्याचे पाहायला मिळाले.’ व्याकरणाची चूक एकही नाही. पण चांगला वाचक लगेच थांबवेल: कुठला महापूर? नुकसान कुणाचं? मग तुम्हाला आठवून लिहावं लागेल: ‘२०१९च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं आणि गणपतीच्या मूर्ती भिजून गेल्या.’ आता पूर दिसतो. हा प्रश्न समोरच्याला पडतो, कारण त्यानं तो पूर पाहिलेला असतो आणि तुमच्या वाक्यात तो त्याला सापडत नाही. माणसाकडून तपासून घेण्याचा खरा फायदा मला इथंच वाटतो.

लाल खुणा नुसत्या उतरवून घेणं. बाईंनी ‘वकीलाला’ खोडून ‘वकिलाला’ केलं, तुम्ही तसं लिहून मोकळे झालात. पुढच्या पानावर ‘गरीबाला’ आहेच! म्हणून तिथल्या तिथं कारण विचारा. वकील, गरीब, फूल, सून यांतला दीर्घ स्वर प्रत्यय लागताना ऱ्हस्व होतो: वकिलाला, गरिबाला, फुलाला, सुनेला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र दीर्घच राहतात: शरीराला, गीताला. दोन मिनिटांत समजावलेल्या या नियमानं पुढच्या कितीतरी चुका टळतात.

एकाच वेळी चौघा-पाचजणांना दाखवणं. प्रत्येकाची आवड वेगळी. एक म्हणेल वाढवा, दुसरा म्हणेल कापा. एकाच व्यक्तीला धरून राहा.

अशी माणसं शोधायला लांब जायला नको. शाळेत मराठी शिकवलेल्या बाई, वर्तमानपत्रातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक, शिवाजी विद्यापीठाच्या मराठी विभागातले प्राध्यापक, १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात नेमानं येणारे जुने वाचक. आदबीनं विचारलं तर बहुतेकजण आनंदानं वेळ देतात. जाताना अख्खी वही नेऊ नका, एकच पान न्या. एक ओळ सोडून लिहा, समास मोठा ठेवा आणि वाचायला चार दिवस द्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तर मुळीच जाऊ नका. दुरुस्त केलेलं पान दाखवायला जाल तेव्हा आधीचं खुणा केलेलं पानही सोबत असू द्या. काय सुधारलं आणि काय राहिलं, ते दोन्ही शेजारी ठेवल्यावरच त्यांना सांगता येतं.