सभाधीटपणासाठी आभारप्रदर्शन
बोलायला उभे राहताच छाती धडधडते आणि तोंड कोरडे पडते, ते अ‍ॅड्रेनलिन या घाबरल्यावर शरीरात स्रवणाऱ्या संप्रेरकामुळे; हा जोर बहुधा सुरुवातीच्या काही मिनिटांत ओसरतो, म्हणून संपूर्ण भाषण घोकण्याऐवजी पहिली दोन-तीन वाक्येच तोंडपाठ करावीत आणि उरलेले मुद्दे कागदावर ठेवावेत. घोकलेल्या भाषणातला एक शब्द निसटला की पुढचे सारेच अडते. नाव पुकारले जाण्यापूर्वी श्वास सावकाश सोडावा. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेत बसून वक्ते कोठे थांबतात हे टिपणे उपयोगी पडते. सराव मात्र सोसायटीच्या गणेशोत्सवात, आभारप्रदर्शनाचे काम मागून घेऊन करावा, कारण त्या वेळी निम्म्या श्रोत्यांचे लक्ष प्रसादाकडे असते.