दुमजली घराचं इलेव्हेशन कसं ठरवावं: विदर्भातल्या गावासाठी

गावात कोणी माडीचं घर बांधायला काढलं की आधी मोबाईलमधला फोटो निघतो. मोठाल्या काचा, काळा-करडा रंग, पुढे काढलेल्या चौकोनी पेट्या, चकचकीत स्टीलचं रेलिंग. फोटो देखणाच असतो. पण तो बहुधा अशा ठिकाणचा असतो जिथे नवतपा (मेअखेरचे तापलेले नऊ दिवस) नसतो, दिवाळीनंतर कापूस ठेवायला जागा लागत नाही आणि गच्चीवर वानरांची टोळी उतरत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा सहज 45 अंशांच्या पुढे जातो. नागपुरात 2013 च्या मेमध्ये तो 47.9 वर गेला होता. म्हणून घराचं तोंड सजवण्याआधी त्या तोंडावर ऊन कुठून पडतं ते बघायचं. निम्मं इलेव्हेशन, म्हणजे घराची दर्शनी बाजू, तिथेच ठरतं.

1. आधी ऊन बघा

एखाद्या एप्रिलच्या दुपारी चार वाजता प्लॉटवर जाऊन उभं राहा. ज्या बाजूला पाच मिनिटंही थांबवत नाही, ती तुमची पश्चिम भिंत. तिथे जिना, न्हाणी, कोठीची खोली टाका आणि खिडक्या लहान ठेवा. झोपायची खोली तिथे काढली तर रात्री अकरालाही भिंतीला हात लावून बघा, तापलेलीच असते.

दक्षिण बाजूची लोकांना उगाच भीती असते. खरं तर तीच सगळ्यात सोपी बाजू. मार्चच्या शेवटापासून भरदुपारचा सूर्य इतका वर असतो की दोन फुटी छज्जाची सावली चार फुटी खिडकी पूर्ण झाकते. डिसेंबरात सूर्य खाली उतरतो, तेव्हा त्याच छज्जाखालून कोवळं ऊन आत येतं. पश्चिमेला मात्र हा छज्जा कामाचा नाही. मे महिन्यात संध्याकाळी पाचला दोन फुटी छज्जाची सावली जेमतेम फूटभर उतरते, बाकी ऊन सरळ आत. तिथे उभं काहीतरी लागतं: सिमेंटची किंवा विटांची जाळी, भिंतीबाहेर काढलेले उभे पडदे (पडद्यासारख्या अरुंद भिंती), नाहीतर झाड.

रस्ताच पश्चिमेला असेल तर? मग समोरची अख्खी बाजू सावलीत ठेवायची. खाली सात-आठ फूट खोल सपरी (ओसरी), वर गॅलरी, आणि सपरीवर कवेलूचा (देशी कौलांचा) किंवा मंगलोरी कौलांचा उतार सात फुटांपर्यंत खाली आणायचा. वळचण जितकी खाली, तितकं संध्याकाळचं ऊन अडतं. सेवाग्रामला बापू कुटी बघून या. भिंती मातीच्या, वर कवेलू, भोवती पडवी आणि वळचण खाली आणलेली. घर बैठं आहे, पण ऊन कसं अडवायचं हे तिथे अर्ध्या तासात कळतं.

2. जोतं आणि ओटा

काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. दोन मजल्यांचा पाया कसा घ्यायचा हे इंजिनिअरलाच ठरवू द्या. तिथे पैसे वाचवून ते समोरच्या टाइल्सवर घालणं म्हणजे अंगाला साबण न लावता अत्तर फासणं. दर्शनी बाजूपुरत्या दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. जोतं रस्त्यापेक्षा अडीच-तीन फूट वर ठेवा, कारण गावातला रस्ता दर खेपेला नवा थर चढवून वर येतो. आणि घराभोवती तीन फूट रुंद फरसबंदी करून तिला बाहेर उतार द्या, म्हणजे पाणी पायाशी मुरत नाही. ओटा आणि पायऱ्यांचा पाया उथळ घेतला तर दोन-तीन पावसाळ्यांत त्या घरापासून सुटतात आणि मधे बोटभर फट पडते. त्यांच्याखाली मुरूम घालून नीट धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट दाबून घ्या.

जोत्यापासून वर अडीच-तीन फुटांचा पट्टा काळ्या दगडाचा किंवा गडद रंगाचा ठेवावा. पावसात अंगणातला चिखल तेवढा उडतोच. पांढऱ्या भिंतीवर तो दिसतो, दगडावर दिसत नाही, आणि घरही जमिनीवर घट्ट बसल्यासारखं वाटतं.

3. खिडकीवर खिडकी, आणि कुलरची जागा

दुमजली घर बेढब दिसण्याचं पहिलं कारण रंग नसून खिडक्या असतात. खालची एकीकडे, वरची दुसरीकडे, लिंटेलच्या (खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) रेषा वरखाली. वरची खिडकी खालच्या खिडकीच्या बरोबर डोक्यावर घ्या आणि एका मजल्यावरच्या सगळ्या खिडक्यांचं लिंटेल एका रेषेत ठेवा. एवढ्यानेच घर नीटनेटकं दिसायला लागतं.

आता कुलर. विदर्भातलं कुठलंही इलेव्हेशन मार्चपर्यंत चांगलं दिसतं. मग समोरच्या खिडकीला लोखंडी स्टँड लागतो, त्यावर पत्र्याचा कुलर चढतो, बाहेरून पाइप लोंबतो आणि भिंतीवर गंजाचे ओघळ उतरतात. कुलर तर लागणारच, मग त्याची जागा नकाशातच काढा. शक्यतो उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी निवडा. कुलर सावलीत असला की पाणी कमी गरम होतं. खिडकीच्या खालच्या कडेला अडीच फूट बाहेर येणारा स्लॅबचा तुकडा भिंतीबरोबरच ओतून घ्या. मोठा कुलर पाणी भरल्यावर शंभर किलोच्या घरात जातो, त्यामुळे त्याची सळई इंजिनिअरकडून घ्यावी. शेजारी नळाचा एक पॉइंट, प्लगचा एक आणि जास्तीचं पाणी वाहून जायला छोटा पाइप. ग्रीलमध्ये कुलरच्या तोंडाएवढा उघडणारा भाग ठेवा.

वरखाली दोन खिडक्या, त्यांच्या कुलरचे हे दोन कट्टे आणि दोन्ही बाजूंनी जमिनीपासून गच्चीपर्यंत गेलेले उभे पडदे, एवढं जमलं की भिंतीवर एक उभा पट्टा तयार होतो. त्याला वेगळा रंग द्या. फोटोतल्या त्या चौकोनी पेट्यांचं काम हाच पट्टा करतो, वर ऊनही अडवतो. समोर जाळी लावायची तर कुलरपासून फूटभर अंतर ठेवून. त्याला बाहेरची हवा तिन्ही बाजूंनी मिळाली पाहिजे, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा.

4. गॅलरी

दोन फुटी गॅलरी म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. चार फूट ठेवा, म्हणजे बाज टाकता येते. घराचं बजेट असेल तर समोर खांब घेऊन सहा फूट करा आणि बंगई (झोपाळा) टांगायचा हूक स्लॅबमध्येच सोडा.

खांब नसलेल्या, नुसत्या पुढे काढलेल्या गॅलरीत मुख्य सळई स्लॅबच्या वरच्या बाजूला लागते. खोलीच्या स्लॅबच्या अगदी उलट. स्लॅब पडायच्या दिवशी घमेली घेऊन माणसं त्याच सळईवरून चालतात आणि ती दबून खाली जाते. वरून काँक्रीट पडलं की कोणालाच काही दिसत नाही. पुढे भिंतीच्या कडेला वरून आडवी भेग पडते आणि गॅलरी खाली झुकायला लागते. त्यामुळे काँक्रीट पडत असताना तिथे स्वतः उभं राहा, सळईखाली तिला उचलून धरणाऱ्या सळईच्याच खुर्च्या आहेत का ते बघा, चालायला फळ्या टाकायला लावा. मिस्त्री म्हणेल, "होऊन जाते नं भाऊ, काही नाही होत." तरी हलू नका.

गॅलरीची फरशी खोलीपेक्षा इंचभर खाली आणि बाहेर उतार. कठडा साडेतीन फूट. काचेचा नको, वानरांचं आणि काचेचं जमत नाही. स्टीलच्या कठड्याने मेमध्ये हात भाजतो. उभ्या सळयांचा लोखंडी कठडा बरा. आडव्या सळयांवर पोरं पाय देऊन चढतात. सळयांमधलं अंतर चार इंचांपेक्षा कमी ठेवा.

गॅलरीची रेघ मारण्याआधी वर बघा. गावात विजेच्या तारा घरालगतच जातात. 11 केव्हीच्या (11 हजार व्होल्टच्या) लाइनपासून बांधकाम आडवं 1.2 मीटर आणि उभं 3.7 मीटर दूर असावं लागतं. 33 केव्हीला आडवं अंतर 2 मीटर. बैठ्या घराला जी तार दूर वाटते, ती वरच्या मजल्याच्या गॅलरीतून हाताच्या अंतरावर येते. ग्रामपंचायतीची परवानगी काढताना हे तपासून घ्या.

5. छज्जे, गच्ची, पाइप

प्रत्येक छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडायची खाच पाडून घ्या. अर्ध्या इंचाची ती खाच नसली की पाणी छज्जाखालून परत भिंतीवर येतं आणि पहिल्याच पावसात काळे ओघळ दिसतात. पाऊस जास्त असलेल्या भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे तर याला पर्यायच नाही.

हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण साडेचार हजार लिटर पाणी उतरतं. चार इंची पाइप मागच्या किंवा बाजूच्या कोपऱ्यातून काढा, समोरून नको. टाकी जिन्याच्या खोलीवर मागे सारून. गच्चीचा कठडाही साडेतीन फूट हवा. उन्हाळ्यात तिथे माणसं निजतात, कुरडया-पापड वाळतात. गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्स बसवल्या किंवा दरवर्षी मार्चमध्ये चुना मारला तर वरच्या खोल्यांना बराच फरक पडतो. सोलर पॅनल बसवायचे असतील तर दक्षिण बाजू मोकळी ठेवा. ‘पीएम सूर्य घर’ योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे आणि पॅनलखालचा स्लॅब सावलीत राहतो.

6. फाटक आणि झाड

फाटक बारा फुटी, ट्रॅक्टर-ट्रॉली वळवता आली पाहिजे. पश्चिमेला कडुनिंब लावा, पण काळ्या जमिनीत भिंतीपासून वीस फूट तरी लांब. मुळं पायाखालची ओल ओढतात आणि जमीन असमान आकसते. जागा कमी असेल तर जाळीवर मधुमालती सोडा.

7. रंग सगळ्यात शेवटी

गडद रंग ऊन पितात. भिंतीचा मोठा भाग पांढरा, फिका पिवळा किंवा मातकट ठेवा आणि गडद रंग पट्ट्यापुरता वापरा. पश्चिम भिंतीवर टाइल्स चिकटवू नका, रोजच्या तापण्या-निवण्याने त्या सुटतात.

वास्तुशांतीआधी महागडा रंग मारायची घाई सगळ्यांनाच असते. पण काळ्या जमिनीवरचं नवं घर पहिल्या पावसाळ्यात थोडं हलतंच, आणि प्लास्टरला बारीक चिरा पडतात. पहिल्या वर्षी प्रायमर किंवा चुना मारून राहायला जा. पुढच्या दिवाळीनंतर चिरा खरवडून भरा. जी चीर तिरपी आणि रुंद होत चालली असेल ती इंजिनिअरला दाखवा, मग रंगाचे डबे आणा.